जागल, ओलीत आणि चहातलं कॅफिन : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. गेल्या वर्षी आमच्या शाळेकडून ज्वालामुखी गेला होता, त्याच्या आदल्या वर्षीही ज्वालामुखीच. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. यंदा ज्वालामुखी नको, एवढंच ठरवून वर्गात गेलो.

पहिल्याच तासाला तिघं बाकावर डोकं टेकून झोपलेले. तिघांचीही वावरं एकाच डीपीवर, म्हणजे विजेच्या एकाच ट्रान्सफॉर्मरवर. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची, दहाला थ्री फेज येते आणि पहाटे सहाला जाते. हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे, स्प्रिंकलरचे पाईप बदलायला बापाच्या जोडीला पोरगं लागतंच. एकाला उठवून विचारलं, रात्रभर जागा कसा राहतोस रे? म्हणाला, "चाय असते नं सर. बाबा गंजभर मांडते."

एवढं बोलून तो परत झोपला. मी फळ्यावर विषय लिहून टाकला: चहा जागं ठेवतो म्हणजे नेमकं काय करतो?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान झालं. परवा सकाळपासून निवडणुकीच्या ड्युटीवर होतो, पेट्या जमा करून घरी यायला रात्रीचा दीड वाजला. प्रकल्प डोक्यात होताच, म्हणून चहा मोजले. दोन दिवसांत अकरा. शेवटचा रात्री साडेअकराला, साहित्य जमा करायच्या रांगेत उभ्याउभ्या. अंग मोडून आलेलं, डोळे जळत होते, तरी पहाटे चारपर्यंत झोप नाही. दमलेला माणूस आणि जागा माणूस एकाच अंगात राहू शकतात, हे त्या रात्री पटलं. हीच पहिली नोंद धरायची.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गट ठरला. पाच मुली, तीन मुलगे. झोपणाऱ्या तिघांपैकी दोघं आहेत. त्यांच्याइतका अनुभव बाकी कोणालाच नाही.

आज हिशेब केला. कोरड्या चहापत्तीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं. म्हणजे पाव किलोच्या पुड्यात ५ ते १० ग्रॅम. पोरांना आधी हे कमी वाटलं. मग सांगितलं की युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, असं म्हटलं आहे, आणि गरोदर बाईसाठी २००. दहा ग्रॅम एकदम पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. वर्ग गप्प. एकीने लगेच विचारलं, "मग पुडा खाल्ला तर?" पुडा कोणी खात नाही, बाई. आणि खाल्लाच तर आधी उलटी होईल.

टपरीवाल्याच्या हिशेबाने एका हाफ चहाला दीड-दोन ग्रॅम पत्ती पडते. सगळं कॅफिन काही पाण्यात उतरत नाही. सोयीसाठी एका हाफला ४० मिलिग्रॅम धरलं. घरोघरच्या पत्तीत, उकळीत, पेल्याच्या मापात इतका फरक आहे की यापुढे बारकाई करण्यात अर्थ नाही. एका घरी चहा म्हणजे साखरेचा पाक, शेजारच्या घरी काढा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अॅडेनोसिन शिकवायचं होतं. कुलूप-किल्लीचं चित्र काढलं, चेहऱ्यावर काहीच उमटेना. शेवटी एसटी आठवली.

आपण जागे असतो तोवर मेंदूच्या पेशी काम करतात आणि अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. तो ठरावीक जागांवर जाऊन बसला की मेंदूचा कारभार मंदावतो आणि झोप यायला लागते. कॅफिनची घडण अॅडेनोसिनसारखीच, म्हणून ते त्याच जागेवर जाऊन बसतं. पण बसून करत काहीच नाही. आपण आर्वीच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतो, तसं. रुमाल काही तिकीट काढत नाही, प्रवासही करत नाही, पण सीट अडली. खरे प्रवासी मधल्या वाटेत उभे. गाडी चालू आहे, पुढच्या थांब्यावर आणखी चढतात. गर्दी वाढते, बसलेला मात्र कोणी नाही. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात.

"म्हणजे सर, झोप जात नाई, वाटेत उभी राहते," डीपीजवळच्या पोराने सांगितलं. माझा पूर्ण तास एका वाक्यात. प्रदर्शनाच्या तक्त्यावर हेच वाक्य घालायचं ठरलं, "नाई"सकट.

चहाने ताकद येते, हे मात्र खोडायला जड गेलं. ताकद येते ती साखरेची आणि दुधाची, कॅफिनमध्ये खाद्य म्हणून काही नाही. थकवा आहे तिथेच राहतो, फक्त त्याची बातमी पोचत नाही. अंगात जी तरतरी वाटते, छाती जरा धडधडते, ती या अडवणुकीमुळे इतर रसायनांना मोकळं रान मिळतं म्हणून.

४ डिसेंबर, बुधवार

रुंगे आणि त्याच्या मांजराची गोष्ट सांगितली. फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे हा जर्मन तरुण बेलाडोनावर काम करत होता. त्या झाडाचा रस डोळ्यात गेला की बाहुली मोठी होते. येना गावात तो काखेत मांजर घेऊन कवी गटेकडे गेला आणि मांजराच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखवला. गटे इतका खूष झाला की जाताना त्याने कॉफीच्या बियांची पुडी हातात दिली, यातही काय आहे ते शोध म्हणाला. १८१९ साली रुंगेने त्यातून कॅफिन वेगळं काढलं. पुढे १८२७ मध्ये चहातून एक पदार्थ निघाला, त्याला थेईन असं वेगळं नाव पडलं. १८३८ मध्ये लक्षात आलं की हा तोच. चहातलं ते थेईन, कॉफीतलं ते कॅफिन, असं आजही कोणी ठासून सांगतं, त्याचं मूळ इथे.

बेलाडोना धोतऱ्याच्या कुळातली. शाळेमागच्या उकिरड्यावर धोतरा माजलेला आहे. तास संपायच्या आत बजावलं: मांजराला हात लावायचा नाही.

७ डिसेंबर, शनिवार

कॅफिन डोळ्यांनी पाहायचं तर ते पत्तीतून काढावं लागेल. महाविद्यालयात डायक्लोरोमिथेन वापरतात. आमच्याकडे ते नाही आणि बंद खोलीत पोरांसमोर मी वापरलंही नसतं. दुसरी वाट उडवण्याची. कॅफिन साधारण १७८ अंशांना न वितळता थेट वाफ होतं आणि थंड पृष्ठभाग मिळाला की पुन्हा गोठतं. कापरासारखं.

आजचा प्रयत्न फसला. पत्ती तशीच चिनी मातीच्या बशीत टाकली, वर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी, खाली स्पिरिटचा दिवा. दहा मिनिटांत करपल्याचा वास, वाटीच्या बुडाला पिवळट डांबर. हेडसरांनी खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले.

११ डिसेंबर, बुधवार

जमलं.

या वेळी घाई केली नाही. पन्नास ग्रॅम पत्ती अर्धा तास उकळली, फडक्यातून पिळून चोथा टाकला. काळाभोर काढा आटवत आणला, दाट झाल्यावर त्यात कोरडी चुन्याची पूड घातली. चुना अशासाठी की चहातलं टॅनिन तो धरून ठेवतो आणि कॅफिन मोकळं होतं. (कोणाला पानठेल्याचा चुना आणायचा असेल तर तो ओला असतो, उन्हात वाळवून घ्यावा लागतो. आमचा तिथलाच.) मंद आचेवर परतत परतत राखाडी भुगा झाला. घरी बेसन भाजतात तसा हात सारखा फिरता ठेवावा लागतो. हे काम मुलींनी मला शिकवलं.

भुगा बशीत पसरला, बशी रेतीने भरलेल्या जुन्या तव्यावर ठेवली, म्हणजे आच सगळीकडून सारखी लागेल. बशीवर भोकं पाडलेला कागद, त्यावर काचेचं नरसाळं पालथं, नरसाळ्याच्या तोंडात कापसाचा बोळा. आणि वाट पाहिली. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग नरसाळ्याच्या आतल्या काचेवर धुकं धरल्यासारखं झालं. ते धुकं पुसट न होता दाट होत गेलं, आणि जवळून पाहिलं तर धुकं नव्हतंच, बारीक पांढऱ्या सुया होत्या, एकमेकींत अडकलेल्या, काही केसाएवढ्या लांब. सरकीवर उरलेली लव असते ना, जिनिंगमधून काढल्यावरची, तंतोतंत तशी. ही उपमा माझी नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या पोरीची आहे.

ब्लेडने खरवडून कागदावर काढलं. चिमूटभरही नाही. आमच्या तराजूला ते कळलंच नाही. चव पाहू का, असं दोघांनी विचारलं. कडू असते, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

मग रंगाची परीक्षा. दोन-चार सुया बशीत, थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साईड, पाण्याच्या वाफेवर कोरडं होईपर्यंत. लालसर पिवळा डाग उरला. अमोनियाचा एक थेंब टाकताच डाग जांभळा झाला. पिकलेल्या जांभळाचा खरा जांभळा. हा भाग मी एकट्याने खिडकीपाशी केला, पोरं चार पावलं मागे.

त्यांना मधेच कळलं की आता हे पुन्हा प्रदर्शनात करून दाखवता येणार नाही, तिथे आग चालत नाही. सुया छोट्या बाटलीत भरून ठेवल्या.

१२ डिसेंबर, गुरुवार

एका पोराने मोबाईलवर दाखवलं, शुद्ध कॅफिनची पूड विकत मिळते, मागवू का सर? साफ नाही म्हणालो. अशा पुडीचा एक लहान चमचा म्हणजे अंदाजे २८ कप कॉफी, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बजावलेलं आहे. घरातल्या चमच्याने मोजायची ती वस्तूच नाही.

संध्याकाळी शेजारच्या आबाजींना बाटली दाखवली. वर्ध्याकडचे जुने सर्वोदयी. ते म्हणाले, "सेवाग्रामले बापू चायच्या विरोधातच होते." खरं आहे. गांधीजींचा रोख टॅनिनवर जास्त होता, चामडं कमावायला लागतं ते. उकळून काढा करण्याऐवजी पत्तीवरून गरम पाणी ओतावं, गवताच्या काडीचा रंग आला की पुरे, असं त्यांनी सुचवलं होतं. आमच्या गावात तसल्या चहाला पाहुणा उठून जाईल.

टॅनिनवरून आठवलं, आशाताई कधीची सांगते आहे, जेवणाला लागून चहा पिऊ नका. टॅनिनसारखी द्रव्यं भाजीभाकरीतलं लोह अंगी लागू देत नाहीत. निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाया न्याहारीसोबत कोरा चहाच घेतात. यावर वेगळा तक्ता करावा असं मुलींनी ठरवलं, आणि तो आमच्या सगळ्या तक्त्यांत चांगला झाला.

१६ डिसेंबर, सोमवार

आजपासून माझा चहा बंद. आठ दिवस. घरात कोणी विश्वास ठेवला नाही.

मोजमाप असं: पोरगं तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरतं, मी खाली बोटं उघडी ठेवतो, न सांगता ते सोडतं, मी पकडतो. जितकी घसरली त्यावरून वेळ निघतो. १९ सेंटिमीटर म्हणजे ०.२० सेकंदाच्या आसपास. गेल्या आठवड्यात, रोजच्या चहावर असताना, दहा वेळांची माझी सरासरी १९ होती.

१७ डिसेंबर, मंगळवार

दुपारपासून डोकं दुखतंय. कपाळाच्या मागे, जड. आठवीच्या तासाला विनाकारण ओरडलो. पट्टी २३ सेंटिमीटर.

१८ डिसेंबर, बुधवार

डोकं कालच्यापेक्षा वाईट. हे पुस्तकात आहे: चहा-कॉफी सोडल्यावर १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, पुढच्या एक-दोन दिवसांत कळसाला जाते, दोन ते नऊ दिवस टिकते. माहीत असून काही फरक पडत नाही. मेडिकलमधून गोळी आणली, पाकिटावर पाहिलं तर पॅरासिटामॉलसोबत कॅफिन. परत केली. बायको हसून हसून बेजार.

२३ डिसेंबर, सोमवार

डोकेदुखी शुक्रवारीच गेली. पट्टी १९.५. चहाशिवाय.

इथे मी जरा वेळ वहीकडे पाहत बसलो. चहा पीत होतो तेव्हा १९. सोडला तेव्हा २३. आठवड्यानंतर, चहा नसताना, १९.५. मग सकाळचा चहा मला पुढे नेत होता की रात्रभरात खचलेलं फक्त भरून काढत होता? यावर जाणत्यांतही वाद आहे. एका मास्तरच्या पट्टीने तो मिटणार नाही, पण इतकी वर्षं ज्याला मी तरतरी म्हणत आलो, त्यातला मोठा वाटा नुसती परतफेड होती असं मला वाटू लागलंय.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

आंधळी चाचणी संपली. साळ्याने नागपूरहून कॅफिन काढलेली कॉफी आणली होती. एक बाटली ती, एक साधी. बायकोने चिठ्ठ्या लावल्या, अ आणि ब, आणि रोज सकाळी मला न सांगता एक करून दिली. दहा दिवस, दिवसाला एकच कप. पाऊण तासाने पट्टी. (पोटात गेल्यापासून रक्तात भरायला अर्धा ते एक तास लागतो.)

आज उघडलं. साधी कॉफी १८.५, कॅफिनविरहित १९.५. सेकंदात सांगायचं तर शंभराव्या हिश्श्याच्याही आतला फरक. आणि दहापैकी चार दिवस मी चुकीचं ओळखलं. एकदा तर "आज खरी आहे, अंगात वीज आली" असं वहीत लिहून ठेवलंय, त्या दिवशी बिनकॅफिनची होती. वास, गरमपणा, सवयीची वेळ, यांचंही देणं असतं तर.

पानठेल्यावर आता वीस रुपयांच्या छोट्या बाटलीत ते लाल-निळं उत्तेजक पेय मिळतं. पोरांनी रिकाम्या बाटल्या गोळा करून लेबलं वाचली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. पाव लिटरची बाटली म्हणजे फार तर ७५. दोन हाफ चहाच्या आतच. बाकी साखर. "लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी नाही" हे इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. ठेलेवाल्या भाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सर, मी कुठं वाचतो, आन् ते पोट्टे कुठं वाचतेत."

१० जानेवारी, शुक्रवार

प्रदर्शन झालं. पहिला नंबर सिरिंजच्या जेसीबीला. आमच्या बाटलीतल्या सुया पाहून परीक्षकांनी विचारलं, हे मीठ आहे का? एसटीच्या रुमालाचं चित्र सगळ्यांना आवडलं, नंबर मात्र नाही. पोरं दोन दिवस रुसली. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा का, हे मी विचारलं नाही, त्यांनीच पुढच्या शनिवारी रात्री, पिकाची जागल करणाऱ्या काकाजींच्या वावरात जायचं ठरवलं.

१९ जानेवारी, रविवार

काल रात्री काकाजींच्या जागलीला. हरभरा घाट्यावर आलाय, रोही (नीलगाय) आणि रानडुकरं दोन्हींचा त्रास. मचाण म्हणजे चार बल्ल्या आणि बाज. खाली चूल, तिच्यावर कायमचा काळा पडलेला गंज. काकाजी जुना चोथा टाकत नाहीत, त्यावरच पाणी आणि नवी पत्ती. चहा दिसायला डांबर, कडू इतका की जीभ आकसते. पण तो कडवटपणा बहुतेक टॅनिनचा. चोथ्यातलं कॅफिन पहिल्या उकळीतच बरंचसं निघून गेलेलं असतं. कडक आणि जास्त कॅफिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोरांनी काकाजींना सांगितलं, काकाजींनी ऐकून घेतलं.

पट्टी: रात्री दहाला २४ सेंटिमीटर. तीनला चहाआधी, पट्टी हातातून निसटून सरळ खाली. तीन वेळा. तीसच्या पुढे आमच्याकडे मापच नाही. चहानंतर पाऊण तासाने २५. पाचला पुन्हा २९. फायदा झाला, यात वाद नाही; टिकला थोडाच. झोपेचे प्रवासी वाटेत उभे होते आणि आता रेटत होते.

काकाजींचं म्हणणं वेगळं. "मास्तर, चायनं झोप जात नाई. चाय मांडाच्या निमित्तानं माणूस उठते, काड्या गोळा करते, चूल फुकते, म्हून झोप जाते." याला चाचणी सुचत नाही. चूल न पेटवता थर्मासमधला चहा देऊन पाहायला हवा.

मी मात्र शहाणपणा केला. सांगितलं, काकाजी, शेवटचा चहा चारला घेता आणि सातला घरी जाऊन झोपता. कॅफिन अंगातून निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. चारचं सकाळी नऊलाही निम्मं शिल्लक. झोपायच्या सहा तास आधी भरपूर कॅफिन घेतलं तरी झोप तासाभराहून जास्त तुटते, हे तपासलेलं आहे. म्हणून शेवटचा चहा एकलाच घ्या. आणि दुसरं, चहा प्या आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटा. कॅफिन लागू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात डुलकी पदरात पडते. इंग्लंडमध्ये लाफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात झोपाळलेल्या वाहनचालकांवर हे करून पाहिलंय, नुसत्या कॅफिनपेक्षा कॅफिन आणि डुलकी मिळून बरं पडलं.

काकाजी म्हणाले, करून पाहू.

२७ जानेवारी, सोमवार

गटातली एक मुलगी आज बोलली. तिच्या बहिणीचं बाळ दोन महिने आधी झालं, काचेच्या पेटीत होतं. डिस्चार्जच्या कागदावर तिने "कॅफिन सायट्रेट" वाचलं आणि घाबरली, तान्ह्याला हे कसं काय दिलं?

बरोबर दिलं. फार लवकर जन्मलेल्या बाळाचा मेंदू श्वास घ्यायचं मधेच विसरतो. कॅफिन श्वासाच्या केंद्राला जागं ठेवतं. मोजून मापून दिलेलं ते औषध आहे, जगभर देतात. फक्त त्या बाळाचं यकृत अजून कॅफिन मोडायला शिकलेलं नसतं. आपल्याला पाच तास लागतात तिथे त्याला चार-चार दिवस. गरोदर बाईतही ते बराच जास्त वेळ रेंगाळतं, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात उलट लवकर उतरतं. काकाजी बिडी ओढतात. माझा सल्ला देताना हे लक्षातच आलं नव्हतं.

बाळ आता पाच महिन्यांचं आहे. तिने फोटो दाखवला.

३० जानेवारी, गुरुवार

कारंजा रस्त्यावरच्या संत्राबागेत आंबिया बहार फुटलाय. वासाने डोकं भरून जातं. इथे येण्याचं कारण असं की कॅफिन फक्त चहा-कॉफीच्या झाडात नसतं, लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फुलांच्या मकरंदातही अगदी थोडं असतं. पानात असतं ते किड्यांना दूर ठेवायला. मकरंदात इतकं कमी की मधमाशीला कडू लागत नाही. २०१३ मध्ये एक शोधनिबंध आला, त्यात साखरपाण्यासोबत थोडं कॅफिन मिळालेल्या मधमाश्यांना एका दिवसानंतर फुलाचा वास नुसतं साखरपाणी प्यालेल्यांच्या तिप्पट संख्येने आठवत होता.

बागवाल्यांच्या पोरीला हे सांगितलं. ती म्हणाली, मग आमच्या झाडानं टपरीच टाकली म्हणा नं.

मैलभर उडून मधमाशी पुन्हा पुन्हा त्याच ठेल्यावर. मला आमचे टपरीचे पाच कायमचे गिऱ्हाईक आठवले. मीही त्यातलाच, तीन जानेवारीच्या संध्याकाळीच चहा पुन्हा सुरू झाला. दिवसाला दोन. कधी तीन.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला काकाजी दारात. चेहऱ्यावरून कळेना रागावलेत की हसताहेत.

"तुमची ती पंधरा मिनिटाची डुलकी, मास्तर, तीन घंट्याची निंगाली."

मोबाईल घरी चार्जिंगला होता. एक वाजता चहा प्याले, सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले, उघडले तेव्हा चार वाजून गेलेले आणि धुऱ्याकडून घुरघुर. बॅटरी मारली तर डुकरांचा कळप. डबडं वाजवेपर्यंत व्हायचं ते झालं.

पोरांना घेऊन गेलो. टेपने मोजलं, नाल्याकडच्या कोपऱ्यात चाळीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. माती नांगरल्यासारखी उलटी, झाडं मुळासकट, घाटे चिखलात दाबलेले. फोटो काढले, पंचनाम्याचा अर्ज डीपीजवळच्या पोराने लिहिला, अक्षर त्याचं बरं आहे. मी काय बोलावं ते सुचेना. नुकसान भरून देतो म्हणालो तर काकाजींनी हात झटकला.

कुठे चुकलं ते पोरंच बोलत होती. चालकांच्या त्या प्रयोगात कोणीतरी उठवणारं होतं. काकाजींची आधीची आठ-दहा रात्रींची झोप बाकी होती. दोन हाफ चहा म्हणजे ८० मिलिग्रॅम, लाफबरोत त्याच्या जवळपास दुप्पट दिलं होतं. आणि बिडी. सगळं वहीत घेतलं.

तोवर काकाजींनी चूल पेटवली. या वेळी जुना चोथा फेकून गंज घासला, नवी पत्ती टाकली, मला वाटतं आमच्यासाठी. पोरांना अर्धा-अर्धा, मला पूर्ण पेला.

पुढच्या खेपेला न्यायच्या वस्तू: चाळीस सेंटिमीटरची पट्टी, थर्मास, चावीचं गजराचं घड्याळ.